अंतर खोटं, शेजार खरा

जुन्या गावात पत्ता विचारा, उत्तरात मीटर येत नाहीत. “देवळामागच्या बोळातून खाली उतरा, पार लागेल, पाराला लागून पिठाची गिरणी, गिरणीच्या अंगानं जिना.” अंतर किती, हे सांगणाऱ्यानं कधी मोजलेलं नसतं आणि विचारणाऱ्याचंही त्यावाचून अडत नाही. कशाशेजारी काय आणि कशानंतर काय, एवढ्या भांडवलावर माणूस बरोबर दारात जाऊन उभा राहतो. लग्नपत्रिकेमागचा चार रेघांचा नकाशा याच जोरावर चालतो. चौक, पेट्रोल पंप, मारुती, मग कार्यालय. तिथे एक सेंटिमीटर म्हणजे कुठे शंभर मीटर तर कुठे दोन किलोमीटर, तरी वऱ्हाड वेळेवर पोचतं.

गावाचा सचित्र नकाशा हा त्या पत्रिकेच्या नकाशाचा थोरला भाऊ. देवळं, वाडे, घाट, झाडं त्यात चितारलेली असतात, खऱ्या मापापेक्षा कितीतरी मोठी. बोळ फुगवलेले असतात, माळरान आक्रसलेलं असतं. मापाची एवढी मोडतोड करूनही नकाशा विश्वासाचा राहतो, कारण मोडतोड कुठे चालेल आणि कुठे नाही याची रेघ आधी आखलेली असते. अंतर खोटं चालतं, शेजार खोटा चालत नाही. पिंपळ विहिरीच्या डावीकडे असेल तर कागदावरही तो डावीकडेच हवा, मग दोघांमधलं अंतर दुप्पट का होईना. आणि अंतर मुद्दाम, हवं तिथे, हवं तेवढंच बिघडवायचं तर आधी ते अचूक हातात असावं लागतं. म्हणून या कामाला दोन सॉफ्टवेअर लागतात. मोजमापासाठी क्यूजीआयएस आणि चित्रासाठी इंकस्केप. दोन्ही मोफत मिळतात, आणि दोन्हींवर छापण्याजोगं काम होतं.

वाईचंच उदाहरण घेऊ. सचित्र नकाशाला याहून चांगलं गाव शोधून सापडायचं नाही. कृष्णेच्या डाव्या, म्हणजे उत्तरेकडच्या काठावर मुख्य वस्ती. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी असे सात घाट. पेशवाईतल्या रास्ते सरदारांनी बांधलेली देवळं: काशीविश्वेश्वर १७५७ सालचं, ढोल्या गणपती १७६२ सालचा. कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटानं पाळीपाळीनं होतो, त्यामुळे इथला माणूस आपण कुठल्या आळीचे हे आवर्जून सांगतो. अशा गावात एका घाटाचं नाव शेजारच्या घाटावर पडलं तर ती साधी छपाईची चूक राहत नाही.

कागदाचं गणित आधी करावं. ए-दोन आकाराचा कागद ५९४ गुणिले ४२० मिलिमीटर. प्रमाण १:३००० धरलं तर आडवा पावणेदोन किलोमीटरहून थोडा जास्त आणि उभा सव्वा किलोमीटर इतका मुलूख त्यावर मावतो. जुन्या गावाला एवढं पुरतं. आता याच प्रमाणात सहा मीटरचा रस्ता दोन मिलिमीटरचा होतो, ते ठीक. अडीच मीटरचा बोळ पाऊण मिलिमीटरच्या आसपास उरतो. दोन्ही कडांच्या रेघा काढल्या की मधली पांढरी जागा दिसेनाशी होते. वीस मीटर लांबीचं देऊळ साडेसहा मिलिमीटरचं, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं. त्यात शिखर, कमान, दीपमाळ काय काढणार? ओळखू येईल असं देऊळ काढायला पंचवीस ते तीस मिलिमीटर हवेत. अशी चाळीस चित्रं धरली तरी ए-दोनचा जेमतेम बारा टक्के भाग व्यापला जातो. पण ती सगळी नदीकाठच्या एकाच पट्ट्यात गर्दी करतात, आणि खरा प्रश्न तिथेच उभा राहतो. चाळिसाच्या वर जाऊ नये. यादी करताना सुंदर काय आहे यापेक्षा लोक पत्ता सांगताना कशाचं नाव घेतात ते बघावं. मग एखादा साधा पार यादीत येतो आणि एखादी दिमाखदार नवी इमारत गळते.

नकाशाची हाडं मिळतात ओपनस्ट्रीटमॅपवरून, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशावरून. क्यूजीआयएसमध्ये क्विकओएसएम नावाचं प्लगइन, म्हणजे जोडायचं छोटं साधन, आहे. त्यातून रस्ते, पाणी, इमारती, देवळं असे थर वेगवेगळे उतरवून घ्यावेत. छोट्या गावात मोठे रस्ते असतात, बोळ अर्धवट असतात आणि आळ्यांची नावं तर बहुधा नसतातच. जे नाही ते आपल्या फाइलपुरतं न काढता ओपनस्ट्रीटमॅपमध्येच भरावं, म्हणजे पुढच्या माणसाला मिळतं. तिथे परवानगी असलेल्या उपग्रहचित्रांवरून बोळ गिरवता येतात. दुसऱ्या व्यापारी नकाशावरून गिरवणं मात्र अटींत बसत नाही, आणि अशी चोरी पुढे उघडकीला येते. श्रेयाची ओळ, ‘© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते’, पहिल्याच दिवशी कोपऱ्यात टाकून ठेवावी. शेवटी टाकू म्हटलं की राहते.

उतरवलेली माहिती अक्षांश-रेखांशांत असते. ती तशीच वापरली तर वाईच्या अक्षांशावर गाव पूर्व-पश्चिम पाच टक्के ताणलेलं दिसतं, कारण तिथे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा तेवढा आखूड असतो. वेबवरच्या नकाशांचं जे मर्केटर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करायची रीत, त्यात आकार बिघडत नाही, पण लांबी पाच टक्के फुगते. तिथे ३७५ मीटर मोजले तर जमिनीवर ते ३५७ भरतात. म्हणून पहिल्याच पायरीला सगळे थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात (यादीतला क्रमांक ईपीएसजी ३२६४३) बदलून घ्यावेत आणि प्रोजेक्टलाही तेच लावावं. नुसतं प्रोजेक्टचं बदलून थरांचं तसंच ठेवलं तर पडद्यावर सगळं ठीक दिसतं, आणि पुढे रेघा सोप्या करताना ‘दीड मीटर’ म्हणून दिलेला आकडा दीड अंश म्हणून घेतला जातो. मग रस्ते नाहीसे होतात.

नदीच्या कडा आणि पायवाटा थोड्या सोप्या कराव्या लागतात, म्हणजे त्यांतली बारीक वळणं गाळावी लागतात. दीड मीटरची सूट पुरते, या प्रमाणात ती कागदावर अर्धा मिलिमीटर होते. पण नदीची कड आणि घाटाची कड वेगवेगळी सोपी करू नये. दोन्हींमधले बिंदू वेगवेगळे गळतात आणि मध्ये पांढऱ्या चिरा पडतात. आधी दोन्हींची सामाईक रेघ एकच करून घ्यावी. इमारतींना तर हात लावूच नये, वाड्याचा त्रिकोण व्हायला वेळ लागत नाही.

मग गावात चालायचं. हाताशी त्याच प्रमाणातला छापलेला कागद, पेन्सिल आणि फोन. फोनचा जीपीएस मोकळ्या जागी तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. दोन्हीकडे उंच भिंती असलेल्या बोळात सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिकाण पलीकडच्या आळीत उडी मारतं. बोळात कागदावरची पेन्सिलखूणच खरी मानावी. नकाशा दक्षिणेकडून बघितल्यासारखा काढायचा असेल तर प्रत्येक इमारतीचा फोटो दक्षिणेकडूनच घ्यावा, दुसरा फोटो कोपऱ्यावरून. वाईला ही दिशा आपोआप सोयीची पडते. गाव उत्तर काठावर, त्यामुळे दक्षिणेकडून बघणाऱ्यासमोर नदी पुढे, घाटाच्या पायऱ्या आपल्याकडे उतरणाऱ्या, मागे देवळं, त्यामागे आळ्या. वर उत्तर ठेवायची रूढीही पाळली जाते. गाव दक्षिण काठावर असतं तर घाटांची पाठ दिसली असती आणि नकाशा उलटा धरायचा की पायऱ्या सोडायच्या, असा पेच पडला असता.

जवळून वर बघत काढलेल्या फोटोत शिखर वर निमुळतं होतं. तसंच गिरवलं तर ते देऊळ पडतंय असं वाटतं. नकाशातल्या नजरेला उभ्या रेघा उभ्याच लागतात. पलीकडच्या काठावर जाऊन झूम करून फोटो घेतला की हा दोष बराच कमी होतो.

नजरेच्या कोनाचं गणित सोपं आहे, पण ते ठरवल्याशिवाय एकही चित्र सुरू करू नये. जमीन ६० अंशांवरून (क्षितिजापासून मोजून) बघतोय असं धरलं तर नकाशाची उभी लांबी ०.८६६ पट होते आणि उंची निम्मी. ४५ अंशांवर दोन्ही ०.७ पट. जमिनीसाठी ६० बरे, कारण बोळ मोकळे दिसतात. मात्र ६० अंशांवर इमारतींची नुसती छपरं दिसतात आणि माणूस इमारत ओळखतो ती तोंडावरून. यावर जुना उपाय आहे: जमीन ६० अंशांवर, इमारती ३०-३५ अंशांवर. डोळ्याला हा फरक खटकत नाही, एका अटीवर. जमिनीला चिकटलेल्या गोल वस्तू, म्हणजे विहिरी, पार, दीपमाळेचा चौथरा, जमिनीच्याच कोनात काढाव्यात. दहा मिलिमीटर रुंदीची विहीर ६० अंशांवर पावणेनऊ मिलिमीटर उंच लंबवर्तुळ होते. ती पाच मिलिमीटरची काढली की सगळं अंगण पुढे कललेलं वाटतं, आणि काय चुकलंय ते पटकन सापडत नाही.

आता बोळ रुंद करण्याचं काम. सगळा नकाशा त्यावर उभा असतो, म्हणून याला वेळ द्यावा. हर्मन बोलमान या जर्मन नकाशाकारानं विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनचा चित्रनकाशा काढला, तेव्हा उंच इमारतींची तोंडं दिसावीत म्हणून रस्ते रुंद केले. मॅनहॅटनमध्ये रस्ते सरळ, एक वाढवला की बाकीचे रांगेनं सरकवता येतात. वाईसारख्या गावात बोळ वाकडे. पाऊण मिलिमीटरचा बोळ दोन मिलिमीटर केला की दोन्हीकडची घरं सव्वा मिलिमीटरनं लांब जातात. असे आठ बोळ ओलांडले की शेवटचं घर एक सेंटिमीटर सरकून दुसऱ्याच चौकात जाऊन बसतं. म्हणून बोळ एकेक करून रुंद करायचे नाहीत. आख्ख्या जुन्या गावाचा भाग दीडपट ताणायचा आणि कडेचा मळा, वसाहती, मोकळी जागा आवळायची. फुगा मध्ये फुगवला की त्यावरची चित्रं जशी एकमेकांची जागा न सोडता पसरतात, तसं. शेजार शाबूत राहतो.

इंकस्केपमध्ये यासाठी पाथ इफेक्टच्या यादीत लॅटिस डिफॉर्मेशन, म्हणजे ओढून ताणायची जाळी, आहे. सगळे थर एका ग्रुपमध्ये घ्यायचे, इफेक्ट लावायचा आणि जाळीचे बिंदू ओढायचे. नदी, रस्ते, घरं एकाच जाळीत हवीत. एखादा थर बाहेर राहिला आणि नंतर वेगळा ताणला तर तो पुन्हा कधीच जुळत नाही. फसगत होते ती सरळ रस्त्यांची. जाळी फक्त नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, सरकवते. पाचशे मीटर सरळ रस्त्याला दोनच नोड असतील तर तो वाकत नाही, कडेची घरं वाकतात, आणि रस्ता घरांच्या पोटातून जातो. म्हणून क्यूजीआयएसमधून बाहेर पडण्याआधीच डेन्सिफाय वापरून दर दहा मीटरला एक नोड टाकून घ्यावा. फाइल जड होते, इफेक्ट लावल्यावर संगणक कुंथतो. तेवढा त्रास सोसावा, ताणून झालं की पाथ, म्हणजे रेघा, पक्के करावेत आणि मग जादा नोड काढून टाकावेत. हे सगळं होईपर्यंत एकही चित्र बसवू नये, नाहीतर देऊळही ताणलं जाईल.

ताणल्यावर शेजाराची तपासणी. प्रत्येक आळीचं एक टोक धरायचं आणि डावीकडे क्रमानं काय काय लागतं, उजवीकडे काय काय, याची यादी मूळ नकाशावरून करायची, तशीच ताणलेल्या नकाशावरून करायची. दोन्ही याद्या अक्षर न अक्षर जुळल्या पाहिजेत. दोन आळ्या मिळतात तो कोपरा जास्त काळजीनं बघावा, अदलाबदल तिथेच होते. चाळीस ठिकाणांना तासभर लागतो. हा तास वाचवलेला नकाशा छापू नये.

क्यूजीआयएसमधून एसव्हीजी, म्हणजे रेघांची फाइल, काढताना दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. थरांचे वेगळे ग्रुप होतील तो पर्याय निवडावा. थराला पारदर्शकता किंवा ब्लेंड मोड लावलेला असेल तर तो थर रेघांऐवजी चित्र होऊन येतो आणि मग त्यातली एकही रेघ धरता येत नाही. नावं क्यूजीआयएसमधून आणूच नयेत. आणि लेआउटमध्ये बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढून ठेवावी, इंकस्केपमध्ये उघडल्यावर ती मोजावी. इंकस्केपच्या जुन्या आवृत्त्या इंचाला ९० बिंदू धरत, ०.९२ पासून ९६ धरतात. जुनी फाइल मध्ये आली तर शंभराची रेघ पावणेचौऱ्याण्णव भरते आणि सगळं प्रमाण गुपचूप बदलतं.

रस्त्यांना कडा देताना प्रत्येक रस्त्याच्या दोन प्रती लागतात: खाली २.४ मिलिमीटरची गडद, वर दोन मिलिमीटरची फिकट. सगळ्या गडद प्रती एका थरात, सगळ्या फिकट त्याच्या वरच्या थरात. रस्त्यागणिक जोडी ठेवली तर प्रत्येक चौकात आडवी रेघ येते, जणू कोणी रस्त्यात कुंपण घातलंय. टोकं गोल ठेवावीत.

घाटाच्या पायऱ्या हातानं एकेक काढू नयेत. वरची कड आणि खालची कड काढून इंटरपोलेट एक्स्टेन्शननं मधल्या सहा रेघा काढून घ्याव्यात. दोन्ही कडा एकाच दिशेनं काढलेल्या आणि सारख्या नोडांच्या हव्यात. एक डावीकडून, दुसरी उजवीकडून काढली असेल तर पायऱ्यांची फुली होते. रेघ ०.२ मिलिमीटर, फट निदान अर्धा मिलिमीटर. पायऱ्या खऱ्या किती आहेत हा प्रश्न इथे नाही. कागदावर सहा-सात रेघांनी घाट वाटतो, वीस रेघांनी राखाडी डाग पडतो.

ढोल्या गणपतीचं देऊळ मात्र खऱ्यासारखंच हवं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. शिखर कितीही नेटकं आलं आणि मागची बाजू चौकोनी राहिली तर ते दुसरंच कुठलं तरी देऊळ झालं. तीस मिलिमीटरच्या चित्रात ही भिंत चार-पाच मिलिमीटर येते. तिथे भिंतीची वळलेली रेघ थोडी जाड करावी आणि पायाशी पाण्याच्या दोन पातळ रेघा दुभंगलेल्या दाखवाव्यात. काशीविश्वेश्वराच्या आवारात काळ्या पाषाणाचा नंदी आहे. तोही त्याच्या मापात टिंबाएवढा होईल, म्हणून तिप्पट करावा आणि आवारातलं बाकीचं काही तरी सोडावं. प्रत्येक ठिकाणाची एक खूण असते. ती शोधून मोठी करायची आणि उरलेलं निम्मं गाळायचं. सगळंच काढायचा मोह झाला की चित्र काळं पडतं.

प्रकाश सगळीकडे डाव्या वरच्या कोपऱ्यातून. उजेड खालून आला तर डोंगर खड्ड्यासारखे दिसतात, बघणाऱ्याच्या डोळ्याची ती सवयच आहे. झाडं पाच-सहा प्रकारची काढून स्प्रे टूलनं पेरावीत, आकारात पंधरा टक्के कमीजास्त, पण फिरवू नयेत. झाड फिरलं की त्याची सावलीही फिरते. रंगांबद्दल एवढंच, की कौलांचा विटकरी आणि झाडांचा हिरवा यांची उजळता वेगळी ठेवावी, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारी माणसं बरीच असतात. नदीला शाळेच्या पुस्तकातला निळा देऊ नये.

अक्षरांपाशी पोचलं की मराठी नकाशाची खरी परीक्षा सुरू होते. सॉफ्टवेअर बहुतेक रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडलेलं आहे आणि आपली लिपी शिरोरेघेला टांगलेली आहे.

इंग्रजी नकाशात नदीचं नाव अक्षरं लांब लांब टाकून पसरतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि ‘कृ’ व ‘ष्णा’ अशी दोन अनाथ अक्षरं पाण्यात तरंगताना दिसतात. त्यापेक्षा ‘कृष्णा नदी’ हे नाव नेहमीच्या अंतरानं, प्रवाहाच्या कलानं, तीन ठिकाणी लिहावं आणि शेजारी प्रवाहाचा बाण द्यावा. वळणावर लिहायचं तर दुसरी अडचण. टेक्स्ट ऑन पाथ प्रत्येक अक्षर सुटं फिरवतं, त्यामुळे शिरोरेघ गोलाईत न वळता तुकड्यातुकड्यांनी मोडते. वळण अगदी सौम्य असेल तर भागतं. जास्त असेल तर नाव सरळ लिहून त्याचे पाथ करावेत, युनियन करून एक आकार करावा, शिरोरेघेवर नोड वाढवावेत आणि मग बेंड इफेक्टनं आख्खं नाव वाकवावं. शिरोरेघ तारेसारखी अखंड वळते.

इथे युनियन हा शब्द महत्त्वाचा. इंकस्केपमध्ये त्याच्या शेजारीच कंबाईन आहे आणि घाईत तेच दाबलं जातं. देवनागरीच्या फॉन्टमध्ये दोन अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर जराशा चढलेल्या असतात, म्हणूनच सांधा दिसत नाही. कंबाईन केल्यावर भरणीचा नियम सम-विषम असेल तर जिथे दोन थर एकावर एक येतात ती जागा रिकामी होते. पडद्यावर काही कळत नाही. छापून आल्यावर मात्र प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेघेत बारीक पांढरी खाच दिसते, उंदरानं कुरतडल्यासारखी. ‘ब्राह्मणशाही’ हे एक नाव ८०० टक्के मोठं करून सांधे बघितले की सगळ्या फाइलचा अंदाज येतो.

नावामागे कागदाच्या रंगाची कड द्यायची असते, म्हणजे छपरांवरही नाव वाचता येतं. त्यासाठी नावाच्या दोन प्रती ठेवाव्यात. खालच्या प्रतीला ०.६ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे कडेची रेघ, वरची नुसती भरलेली. एकाच प्रतीला स्ट्रोक दिला तर तो अक्षराच्या आत शिरून कानामात्रा बारीक करतो.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ बघावेत. बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी वळणाचे ल-श दाखवतात. ‘मधली आळी’, ‘ढोल्या गणपती’, ‘काशीविश्वेश्वर’ या तीन नावांतच डोळ्याला टोचतं. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, २००९च्या शासन निर्णयानंही तेच वळण धरलेलं आहे. टिरो देवनागरी मराठीत ते मुळातच आहे. मोठ्या नावांसाठी एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे खुले फॉन्टही चांगले, फक्त ल-श तपासून घ्यावेत. इलस्ट्रेटर या चित्रांच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम असेल तर प्रेफरन्सेसमध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय सुरू करून दक्षिण आशियाई कंपोझर निवडल्याशिवाय एक शब्दही टाइप करू नये. तो नसेल तर ‘मंदिर’मधली वेलांटी ‘द’च्या नंतर जाऊन बसते आणि ‘धर्मपुरी’चा रफार सुटतो. इतक्या उघड चुका असलेले फलक आपल्या शहरांत लागलेले दिसतात, तेव्हा वाईट वाटतं. कारण दोष लिपीचा नसतो, एका न बदललेल्या पर्यायाचा असतो.

आकारही वेगळा लागतो. वर मात्रा-रफार, खाली उकार, म्हणून देवनागरी त्याच पॉइंटात रोमनपेक्षा बारीक दिसते. बोळांना नऊ पॉइंट, आळ्यांना अकरा, घाटांना बारा-तेरा. सात घाटांची नावं पाण्यावर लिहावीत, आपापल्या पायऱ्यांच्या अगदी खाली. जमिनीवर लिहिली तर देवळांच्या नावांत मिसळतात. नावं इंग्रजी स्पेलिंगवरून परत मराठीत आणू नयेत. त्यात ‘ळ’ पहिल्यांदा जातो, ‘आळी’ची ‘अली’ होते. ‘रास्ते वाडा’ असं आडनावाचं नाव तर अनोळखी माणसाच्या हाती रस्त्यांमध्ये जमा होऊ शकतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावाचा वेगळा टॅग असतो, तो आधी घ्यावा आणि गावात जाऊन पाटीशी, माणसांशी ताडून बघावा.

कागदाबाहेरचा मुलूख उरतो. पांडवगड वाईच्या वायव्येला सहा-साडेसहा किलोमीटरवर. १:३००० नं तो कागदाच्या बाहेर दोन मीटर लांब पडेल. पण वाईच्या आकाशात तो आहे, म्हणून वरच्या डाव्या कोपऱ्यात क्षितिजावर फिकट रंगात काढावा. त्याचा आकार उपग्रहाच्या, दर ३० मीटरला नोंदलेल्या उंची-माहितीवरून काढलेल्या समोच्च रेषांतून मिळतो. अंतर इथेही खोटं, दिशा खरी. वैराटगड आग्नेयेला, म्हणजे बघणाऱ्याच्या पाठीशी. वर मोकळी जागा आहे म्हणून त्याला उत्तरेच्या क्षितिजावर बसवणं ही फसवणूक होईल. खालच्या उजव्या कडेला बाण आणि नाव, बस्स. मेणवली या जवळच्या गावासाठी कोपऱ्यात वेगळी चौकट: नाना फडणविसांचा वाडा, घाट आणि घाटावरची ती मोठी घंटा, जी वसईच्या मोहिमेतून आली. चौकटीला जाड कड असावी, नाहीतर लोक मेणवलीला पुढच्या वळणावर समजून पायी निघतात.

ताणलेल्या नकाशावर मापपट्टी देणं खोटं बोलणं आहे. तिच्याऐवजी चालायची मिनिटं द्यावीत. मिनिटाला ७५ मीटर धरून पाच मिनिटांत ३७५. क्यूजीआयएसमध्ये मूळ, न ताणलेल्या रस्त्यांवर सर्व्हिस एरिया चालवला की ढोल्या गणपतीपासून पाच मिनिटांत कुठवर जाता येतं ते रस्त्यांसकट मिळतं. तीच टोकं शोधून ताणलेल्या नकाशावर ‘५ मि.’ अशी पावलांची खूण ठेवावी. कागदावर ती गोल वर्तुळात येत नाही, यायलाही नको.

छपाईला इंकस्केपचे रंग आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत, असतात, म्हणून फाइल स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमधून सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, न्यावी. अक्षरं निव्वळ काळ्या शाईत ठेवावीत. चार शायांच्या काळ्यात मशीन केसभर हललं तरी उकाराला रंगीत सावली येते. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यापुरता जादा भाग, आणि कडेपासून दहा मिलिमीटरच्या आत एकही नाव नाही.

त्याआधी साध्या प्रिंटरवर चार ए-चार कागदांत नकाशा पूर्ण मापात छापावा, चिकटवावा आणि गावातल्या जुन्या माणसासमोर पसरावा. ‘कसा वाटला?’ असं विचारू नये, छानच म्हणतील. ‘आजोबा, घरापासून घाटावर कसे जाता ते बोटानं दाखवा,’ म्हणावं. बोट आळीतून निघतं, कोपऱ्यावर वळतं, आणि कुठे तरी थबकतं. थबकलं तिथे पेन्सिलनं गोल करायचा. कधी तिथला पार राहिलेला असतो, कधी दोन दारांची अदलाबदल झालेली असते, कधी बोळ पुढे बंद असून नकाशात उघडा असतो. अशी पाच-सहा माणसांची बोटं फिरली की गोल कुठे दाटतात ते दिसतं, आणि फाइल पुन्हा उघडायची ती तिथूनच.